दुसऱ्या सीटचे पंधरा किलो

गेल्या डिसेंबरात बाईंचं कोलकात्याला गाणं होतं. बाई म्हणजे माझ्या गुरू. मी त्यांच्या मागे तानपुऱ्यावर बसते आणि दौऱ्याची तिकिटं काढायचं कामही माझ्याकडेच असतं. या वेळी आम्ही तीन सीट घेतल्या होत्या. एक बाईंची, एक माझी आणि एक तानपुऱ्याची. तिन्हींचं भाडं सारखंच, माणशी ६,४०० रुपये. तानपुऱ्यालाही ‘माणशी’च म्हणावं लागतं, कारण त्याचं भाडं पूर्ण घेतलं जातं.

पहाटे पुणे विमानतळावर काट्यावर सामान ठेवलं. बाईंची बॅग, माझी बॅग आणि खोक्यात बंद केलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम. सगळं मिळून ३८ किलो भरलं. तीन तिकिटं, प्रत्येकी १५ किलो, म्हणजे ४५ पर्यंत आपण बसतो, असा माझा घरचा हिशोब. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, तुमचे ३० किलोच. आठ किलो ज्यादा होतंय.” मी तीन तिकिटं दाखवली. तो म्हणाला, “तिसरी सीट इन्स्ट्रुमेंटची आहे ना. तानपुरा पॅसेंजर नाही, त्याला बॅगेज नसतं.” किलोला ५५० प्रमाणे ४,४०० रुपये भरले, पावती घेतली आणि आत गेलो.

त्या मुलाशी माझं काही भांडण नाही. तो उद्धट बोलला नाही, त्याच्या स्क्रीनवर जे होतं ते त्यानं सांगितलं. पण विमान कोलकात्याला उतरेपर्यंत एकच प्रश्न माझ्या डोक्यात फिरत होता, आणि तो अजून गेलेला नाही. मी तिसऱ्या तिकिटाचे ६,४०० रुपये दिले तेव्हा त्यात नेमकं काय विकत घेतलं? शेजारच्या अनोळखी माणसानं तेवढ्याच पैशात सीट घेतली आणि वर १५ किलो सामान नेलं. मला नुसती सीट मिळाली. उरलेलं कुठे गेलं?

ज्यांनी कधी जादा सीट घेतली नसेल त्यांना हा प्रश्न चार गवयांपुरता वाटेल. तसं नाही. पायाला प्लास्टर घातलेला माणूस पाय लांब ठेवता यावा म्हणून शेजारची सीट घेतो. पाठीचं ऑपरेशन झालेली बाई घेते. देहानं मोठी असलेली माणसं, शेजाऱ्याला त्रास नको आणि आपल्यालाही कुणाच्या नजरा झेलायला नकोत म्हणून, गुपचूप दोन सीटचे पैसे भरतात. आरक्षणाच्या यंत्रणेत या सगळ्यांसाठी संक्षेप ठरलेले आहेत. माणसाच्या सोयीसाठी घेतलेल्या सीटला ‘ईएक्सएसटी’, वस्तूसाठी घेतलेल्या सीटला ‘सीबीबीजी’. आडनावापुढे प्रवाशाचं नाव म्हणून हीच अक्षरं छापली जातात. सामानाचं काय, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. ग्राहकाला ते बहुतेक वेळा काट्यासमोर उभं राहिल्यावरच कळतं.

तानपुरा सामानात का टाकत नाही, असं लोक विचारतात. एकदा टाकला होता, तेव्हापासून टाकत नाही. तानपुऱ्याचा खालचा गोल भाग म्हणजे खराखुरा भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला होणारा, वाळवून पोकळ केलेला. त्याची भिंत जाड पुठ्ठ्याएवढी असते. त्या भोपळ्याला लाकडी गळा जोडतात, गळ्याला दांडी, वर तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी. सगळं सांध्यांवर उभं असतं. पट्ट्यावरून एक बॅग वरून आदळली की भोपळ्याला तडा जातो. तडा भरता येतो, मिरजेचे कारागीर तो असा भरतात की डोळ्यांना दिसत नाही. कानाला मात्र कळतं. आमच्या त्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, तेव्हापासून पूर्वीसारखा भरून येत नाही. फायबरच्या खोक्यात घालावा, तर खोकंच दहा किलोंच्या आसपास भरतं आणि पंधरा किलोंतले दहा तिथेच संपतात. म्हणून सीट घेतो. तारा उतरवायच्या, तारा जिच्यावरून जातात त्या घोडीखाली मऊ कापड सारायचं, गवसणी घालायची, खिडकीकडच्या सीटवर भोपळा टेकवायचा आणि वाढीव पट्टा मागून तो दोनदा फिरवून बांधायचा. खिडकीकडचीच सीट लागते, कारण आतल्या माणसाला बाहेर पडायच्या वाटेत वस्तू येता कामा नये. हा नियम योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार हिशोबाची आहे, आणि तो हिशोब नीट मांडते.

विमान कंपनीचं पहिलं म्हणणं असं की सामानाची सवलत प्रवाशाला असते, सीटला नसते. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण आपल्याकडे या म्हणण्याच्या विरुद्ध निर्णय आधीच झालेला आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, कंपन्यांना मुभा दिली की जो प्रवासी चेक-इन सामान नेणार नाही त्याला कमी भाड्यात तिकीट द्यावं. हातातली एक बॅग घेऊन जाणाऱ्यानं इतरांच्या सुटकेसचा भार का उचलावा, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण मग एवढं तर कबूल झालं की नेहमीच्या भाड्यात चेक-इन सामानाची काही किंमत मिसळलेली असते. नसती, तर ती वजा कशी केली असती? माझ्या तिसऱ्या सीटचं भाडं नेहमीचं होतं, म्हणजे ती किंमत मी भरली होती. आता एकतर ते १५ किलो द्या, नाहीतर सामान न नेणाऱ्याला देता तेवढी सूट द्या. दोन्ही नाकारायला मला कुठलंच कारण दिसत नाही.

युरोपच्या न्यायालयातही हाच धागा निघाला होता. २०१४ मध्ये व्हुएलिंग या स्पॅनिश विमान कंपनीच्या खटल्यात युरोपियन युनियनच्या न्यायालयानं सांगितलं की चेक-इन सामानाचे वेगळे पैसे घेण्यात गैर नाही. हातातलं वाजवी आकारा-वजनाचं सामान मात्र प्रवासाचा आवश्यक भाग आहे, त्याचे जादा पैसे घेता येणार नाहीत. तेव्हा बऱ्याच जणांना हा निकाल कंपन्यांच्या बाजूचा वाटला. मला तो माझ्या बाजूचा वाटतो. सामान ही वेगळी सेवा आणि तिची वेगळी किंमत असेल, तर जिथे ती सेवा दिलीच नाही तिथे किंमतही घेऊ नये. कंपनीला सोयीचं असेल तेव्हा सामान भाड्यापासून वेगळं आणि गैरसोयीचं असेल तेव्हा त्यात मिसळलेलं, असं दोन्ही बाजूंनी चालणार नाही.

दुसरा मुद्दा वजनाचा. विमान भरताना प्रत्येक माणसाला काट्यावर उभं करत नाहीत, सरासरी धरतात. युरोपात प्रौढ प्रवासी हातातल्या सामानासकट ८४ किलो धरायची पद्धत आहे. त्यात चेक-इनचे १५ मिळवले तर एका तिकिटामागे विमान ९९ किलो उचलायला तयार असतं. आमचा तानपुरा गवसणीसकट सहा किलो. ज्यादा ठरलेले आठ किलो त्यात घातले तर १४ होतात. म्हणजे ज्या सीटवरून विमानानं ९९ किलो नेले असते तिथून १४ नेले, आणि त्यातल्या आठ किलोंसाठी ‘ज्यादा वजन’ म्हणून पावती फाडली. प्लास्टर घातलेल्या माणसाच्या शेजारच्या सीटवर तर वजन शून्यच असतं.

तिसरं म्हणणं सुरक्षिततेचं आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोट होऊन पडलं आणि ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या सुटकेसमध्ये होता ती विमानात चढली होती, तिचा मालक चढला नव्हता. प्रत्येक बॅग विमानात बसलेल्या माणसाशी जोडलेली हवी, यावर जगभर काटेकोर भर दिला जातो तो अशा अनुभवांमुळे. मग तानपुऱ्याच्या नावावर बॅग कशी चढवणार, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. उत्तरही सोपं आहे. बॅग माझ्या नावावरच चढवा. त्या दिवशीही ती तशीच चढली. ४,४०० रुपये भरल्यावर त्याच तीन वस्तू, आमच्या दोघींच्या नावाचे टॅग लावून, त्याच पट्ट्यावरून गेल्या. पैसे दिल्यावर जी अडचण उरत नाही ती सुरक्षिततेची नव्हती.

आता शेवटचं म्हणणं, जे कंपन्या उघड बोलत नाहीत पण मला एका ट्रॅव्हल एजंटनं मोकळेपणानं सांगितलं. “सीटबरोबर पंधरा किलो दिले ना ताई, तर लोक माल न्यायलाच सीट घेतील.” मी घरी येऊन आकडेमोड केली. ५५० दरानं १५ किलो ज्यादा सामानाचे होतात ८,२५०. आणि सीट, खिडकी, पाण्याचा पेला आणि १५ किलो, हे सगळं मिळून ६,४००. म्हणजे तो म्हणत होता ते खरंच आहे. पण त्यातून सिद्ध काय होतं? नुसतं सामान न्यायला माणसासकट सामान नेण्यापेक्षा जास्त पैसे पडतात. आठ किलो विमानाच्या पोटात टाकायला लागणाऱ्या इंधनाशी आणि मजुरीशी या दराचा मेळ बसत नाही. तो दंडाचा दर आहे, आणि काउंटरवर अडलेला माणूस परत घरी जाणार नाही, या खात्रीवर तो उभा आहे. जादा सीटला सामान दिलं तर हा दर उघडा पडेल, अशी भीती असेल, तर दुरुस्ती दरात व्हायला हवी. त्याची शिक्षा तानपुरेवाल्याला आणि प्लास्टरवाल्याला कशासाठी?

हा दर आवरायचा प्रयत्न झालेला आहे. २०१६ मध्ये डीजीसीएनं १५ ते २० किलोंच्या दरम्यानच्या ज्यादा वजनावर किलोला १०० रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि पुढच्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं ती मर्यादा रद्द केली. भाडं ठरवायचं स्वातंत्र्य कंपन्यांना आहे, हे मला मान्य आहे. मी दर पाडून मागत नाही. विकलेली वस्तू पूर्ण द्या, एवढंच मागते आहे.

एक गोष्ट कंपन्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. हातातल्या सामानाचे सात किलो मी तानपुऱ्याच्या सीटवर मागत नाही. तानपुरा स्वतःच हातातलं सामान आहे आणि एका माणसाला एक बॅग हा आपल्याकडचा नियम सुरक्षा तपासणीच्या सोयीसाठी आहे. तो वाकवू नये. त्याच न्यायानं माणसामागे लावायची विमानतळाची शुल्कं रिकाम्या सीटला लावू नयेत. तिथून कुणी चालत जात नाही.

बाहेर काय आहे? अमेरिकेत २०१२ च्या विमान वाहतूक कायद्यात वाद्यांसाठी स्वतंत्र कलम घातलं गेलं आणि २०१५ पासून त्याचे नियम लागू झाले. छोटं वाद्य, वरच्या कप्प्यात जागा असेल तर, हातातलं सामान म्हणून न्यायचा हक्क आहे. मोठ्या वाद्यासाठी सीट घेतली तर १६५ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ किलोंपर्यंतचं वाद्य त्या तिकिटाच्या किमतीवर एक पैसाही जादा न घेता नेऊ द्यायचं. सामानाच्या सवलतीबद्दल तो कायदाही बोलत नाही, तिथल्या चेलोवाल्यांनाही हा प्रश्न असणारच. पण निदान वाद्य आत येईल की नाही, हे त्या दिवशी दारावर कोण उभं आहे त्यावर ठरत नाही. आपल्याकडे ते बरंचसं त्यावरच ठरतं. सीटचे पैसे भरलेले असूनही “हे आत नाही येणार” असं ऐकून मी दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं दारात उभी राहिले आहे. दोन्ही वेळा शेवटी आत घेतलं. ती पंधरा मिनिटं बाईंनी खुर्चीवर न बसता काढली, त्यांचं वय ७१ आहे.

कॅनडानं याहून पुढचं पाऊल टाकलं. २००८ च्या जानेवारीत तिथल्या वाहतूक प्राधिकरणानं आदेश दिला की अपंगत्वामुळे ज्याला दोन सीट लागतात किंवा ज्याला सोबतीचा माणूस लागतो, त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात एकच भाडं घ्यायचं. कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला आणि २००९ पासून एक माणूस, एक भाडं हे तत्त्व लागू झालं. हे वाचलं तेव्हा मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. मी पंधरा किलोंसाठी भांडते आहे आणि तिथे मुळात दुसऱ्या सीटचे पैसे घेणंच चूक ठरलं. तानपुऱ्यासाठी मी ते मागणार नाही, ती माझी निवड आहे. पण ज्याला शरीरामुळे दुसरी सीट घ्यावी लागते त्याच्याकडून दुप्पट भाडं घ्यायचं आणि सामान मात्र एकाचंच द्यायचं, हे मला सहन होत नाही. माझ्या ओळखीच्या एक काकू दोन सीट घेऊन मुलीकडे बंगळुरूला जातात. मुलीसाठी भरलेली लोणच्याची बरणी दर वेळी काउंटरवर बाहेर काढून ठेवावी लागते. दोन भाडी भरूनही.

आपल्या रेल्वेकडे बघा. फुकट सामानाची मर्यादा डब्याच्या वर्गावर ठरलेली आहे, पहिल्या वर्गाच्या एसीला ७० किलो, स्लीपरला ४०, बसायच्या दुसऱ्या वर्गाला ३५. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या भाड्यात स्वतंत्र बर्थ मिळायचा. २०१६ पासून बर्थ हवा असेल तर भाडं पूर्ण, अर्ध्या भाड्यात बर्थ नाही. तेव्हा आयांनी कुरकुर केली, पण हिशोब स्वच्छ होता. जागा घेतलीत, जागेचे पैसे द्या. आणि एसटीत तर तानपुरा ड्रायव्हरच्या मागे उभा करून कंडक्टरकडून लगेजचं तिकीट फाडून घेतलं की विषय संपला. कशाचे पैसे दिले ते त्या छोट्या कागदावर लिहिलेलं असतं. विमानाच्या तिकिटावर तेवढंच लिहावं, आणि ते पैसे भरायच्या आधी दिसावं. जादा सीट बहुतेक वेळा वेबसाइटवर मिळतच नाही, फोन करावा लागतो. फोनवर सामानाबद्दल विचारलं तर एक जण “हो” म्हणतो, दुसरा “नाही”. दोन्ही उत्तरं मी एकाच आठवड्यात एकाच नंबरवर ऐकली आहेत.

याचा गाण्यावर काय परिणाम होतो, ते मी जवळून बघते आहे. तरुण गायक तानपुरा घरी ठेवून निघतात. मोबाइलवरचं ॲप लावतात, मंचावर एखादा उसना तानपुरा दिसायला ठेवतात. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या मानधनात तिसरी सीट बसत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी वाद्यं करायला घेतली, त्या कलेचा तो मान. आनंद झाला. पण मानांकन मिळालेलं वाद्य मिरजेतून गुवाहाटीला अखंड जायची वाट ज्या देशात एवढी महाग आणि बेभरवशाची आहे, तिथे ते मानांकन दुकानाच्या भिंतीवरच राहतं.

मार्चमध्ये जवारी लावून घ्यायला, म्हणजे तारांचा झंकार नीट उठावा म्हणून घोडी घासून घ्यायला, आम्ही मिरजेला गेलो होतो. कारागीर मांडीवर तानपुरा आडवा घेऊन घोडी घासत होते, मधूनच तारेखाली सूत सरकवत, कान लावत. बाईंनी आणखी एका तानपुऱ्याचं विचारलं. हात न थांबवता ते म्हणाले, “घरचा करू का विमानाचा? विमानाचा म्हणजे दांडी आखूड, भोपळा नाही, सपाट लाकडी पेटीच. आता मागणी त्यालाच आहे.” बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “घरचाच करा. भोपळा मोठा बघा.”

तो दिवाळीपर्यंत तयार होईल. जानेवारीत रायपूरला कार्यक्रम आहे, तीन तिकिटं काढायची आहेत. डीजीसीएला मी पत्र पाठवलं आहे. त्यात मागणी एका वाक्याची आहे: जादा सीटचं पूर्ण भाडं घेतलं असेल तर तिच्यासोबतचं चेक-इन सामान त्याच प्रवाशाच्या नावे द्यावं, अन्यथा सामानाशिवायच्या भाड्याएवढेच पैसे घ्यावेत, आणि यातलं काय लागू आहे ते तिकीट काढण्यापूर्वी लेखी सांगावं. पत्रासोबत ४,४०० रुपयांच्या पावतीची प्रत जोडली आहे.